घट्ट रक्त

यंत्रानं आकडा दाखवला तसं डॉक्टर फिरदौस काझींनी धनश्रीचं बोट पुन्हा टोचलं. दुसरा थेंब, पण आकडा तोच. हिमोग्लोबिन साडेसतरा.

"काय खातेस गं तू?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"भाकर, मॅडम. आन् आंबाडीची भाजी," धनश्री म्हणाली. मागं रांगेत उभ्या असलेल्या तिच्या संघातल्या मुली खिदळल्या.

"हसू नका. इतकी वर्षं रक्तपेढीत आहे मी. इथल्या निम्म्या मुलींना लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवते, अकराच्या वर आकडा जात नाही म्हणून. आणि तुम्ही सगळ्या खो-खोच्या पोरी सोळा, सतरा!"

धनश्रीचं हसू जागच्या जागी थिजलं. पण मांडवाबाहेर ढोल वाजत होता, समोरच्या बाजूला गिरिजा कॉलेजच्या मुली प्रत्येक भरलेल्या पिशवीला टाळ्या पिटत होत्या, आणि आकडा नियमात बसत होता. मॅडमनी मान हलवली. धनश्री खाटेवर आडवी झाली.

अचलपूर आणि परतवाडा ही दोन गावं एका पुलानं जोडलेली. अलीकडे विश्वंभर कॉलेज, पलीकडे गिरिजा कॉलेज, आणि मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना दरवर्षी या दोघांतच व्हायचा. सामन्याच्या आधी रक्तदानाची ढाल. ज्या कॉलेजच्या पिशव्या जास्त, त्यांनी ढाल डोक्यावर घेऊन पुलावरून मिरवणूक काढायची. ही कल्पना गिरिजाची कर्णधार सुमन कासदेकर हिची. सुमन मेळघाटातली. तिचा लहान भाऊ मोतीराम सिकलसेलचा रुग्ण. त्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि बारीक नळ्या बंद करतात. मोतीरामला थोड्या थोड्या दिवसांनी चांगलं रक्त चढवावं लागे. मेळघाटात अशी पोरं घरोघर होती.

धनश्रीच्या संघाला त्यांच्या निंभोरकर सरांनी यंदा रक्त द्यायला बंदी केली होती. "सामना तोंडावर आहे. कोणी ढिली पडायचं नाही," एवढंच कारण. पण दुपार झाली तसं गिरिजा पुढं निघून गेलं, आणि मांडवाच्या समोरच्या बाजूनं सुमननं हाक मारली, "काऊन वं धनश्री, यंदा सुईचं भ्या वाटते काय?" धनश्रीला ते सहन झालं नाही. ती कर्णधार होती. ती उठली तशी मागून सगळा संघ उठला. एकटी रिद्धी मोहोड तेवढी परत फिरवली गेली, कारण तिनं बहिरमच्या जत्रेत मनगटावर नवंकोरं गोंदण करून घेतलं होतं, आणि गोंदणानंतर काही महिने रक्त घेत नाहीत. संघातली सगळ्यात चपळ मुलगी ती. तोंड पाडून खुर्चीत बसून राहिली.

रक्त दिल्यावर चक्कर येते म्हणतात. धनश्रीला उलटंच झालं. गेले काही आठवडे कपाळात सतत एक जडपणा असायचा, तो पिशवी भरता भरता उतरला. काझी मॅडमचे शब्द मात्र डोक्यातून गेले नाहीत. सोळा, सतरा. तिला त्या आकड्यामागचं कारण ठाऊक होतं.

*

दोन-तीन दिवसांनंतरचा सराव सकाळचा होता. ऊन कोवळं होतं, मैदानावर नुकतं पाणी मारलेलं होतं. रिद्धी खांबाला वळसा घालून परतली आणि मध्येच थांबली. तिला बाद करायला पाठीमागं धावणारी मुलगी तिच्यावर जवळजवळ आदळलीच.

"पळ ना वं!" धनश्री ओरडली.

रिद्धीनं तिच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलली, पण त्यात शब्द नव्हते, नुसता ओला आवाज होता. तिच्या ओठांची उजवी बाजू खाली लोंबली होती. मग उजवा हात. मग ती हळूच, कोणीतरी धरून बसवावं तशी, मातीत बसली.

दवाखान्यात तपासणी झाल्यावर तरुण डॉक्टर बाहेर आले आणि रिद्धीच्या वडलांना म्हणाले, "मेंदूत गाठ अडकली आहे, रक्ताची. औषध चालू केलंय. पण काका, हिचं रक्त इतकं घट्ट कसं? काकवीसारखं झालंय. एवढ्या घट्ट रक्ताला एकच तातडीचा उपाय असतो, थोडं रक्त काढून टाकायचं. हिनं नुकतं रक्तदान केलं असतं ना, तर कदाचित हे टळलं असतं."

रिद्धीचे वडील रडत होते. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. धनश्रीला सगळं कळलं. म्हणजे आपण सगळ्या वाचलो, ते ढालीच्या हट्टापायी.

निंभोरकर सरांनी तिला जिन्याखाली नेलं. त्यांचा सदरा घामानं भिजला होता.

"फवाऱ्याचं नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "कोणीही विचारू दे."

फवारा दिवाळीच्या सुट्टीत आला होता. दम्याच्या पेशंटला देतात तसलं छोटं यंत्र, तोंडाला मुखवटा, आणि थंड, किंचित गोडसर धुकं. सरांनी तेव्हा फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. शरीरात तांबड्या पेशी किती बनवायच्या हे मूत्रपिंड ठरवतं. प्राणवायू कमी पडला की ते एक रस सोडतं, तो हाडांच्या मगजाला सांगतो, पेशी वाढवा. पुरे झालं की रस बंद. डोंगरावर राहणाऱ्या माणसांत हा रस जास्त वाहतो, म्हणून त्यांना लवकर दम लागत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली होती. एक विषाणू घ्यायचा, त्याच्यातलं रोग पसरवणारं सगळं काढून तो रिकामा करायचा, आणि आत त्या रसाची कृती ठेवायची. श्वासातून तो फुफ्फुसात गेला की तिथल्या पेशी रस बनवू लागतात. जणू शरीरात दुसरा कारखाना. मोठ्या दवाखान्यांत हे औषध मोजून मापून, महिनोन्‌महिने रुग्णावर नजर ठेवून देत. सरांनी आणलेलं औषध म्हणजे कुणीतरी केलेली चोरटी नक्कल होती. उत्तेजकांच्या चाचणीत सापडत नाही, कारण रस आपल्याच शरीरात बनतो, हे सांगताना सर डोळा मारून हसले होते. हा दुसरा कारखाना कोणाचं ऐकून बंद होत नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ठाऊक नसावं.

"सर, आम्ही रक्त दिलंय," धनश्री म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं होतं द्यायला? मी नाही म्हटलं होतं ना!"

"त्या रक्तात ते असंल तर?"

"नसतं. ते फुफ्फुसातच राहतं, बनवणाऱ्यानं शपथेवर सांगितलंय. आणि हे बघ, तोंड उघडलंस तर संघ बाद. पोलीस भरतीचे खेळाचे गुण गेले, तुझे आणि सगळ्यांचे. माझं सोड, त्या पोरींचं काय करशील?"

भरती हीच तर सगळ्यांची वाट होती. धनश्रीनं खरंच ठरवलं होतं गप्प राहायचं. तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. रक्तपेढीचा निरोप होता. असा निरोप प्रत्येक रक्तदात्याला जाई आणि तो आला की मुली एकमेकींना दाखवत. 'तुमचं रक्त आज एका रुग्णाला दिलं जात आहे. त्याच्या घरच्यांतर्फे आभार.'

दिलं जात आहे. आत्ता.

"धनश्री!" सर मागून ओरडले. ती जिन्याखालून बाहेर पडली होती आणि रक्तपेढीच्या दिशेनं पळत होती, अंतिम सामन्यात पळावी तशी. आणि पळताना आपल्याला धाप लागत नाही याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

*

काझी मॅडमनी तिला एकदाही अडवलं नाही. धनश्रीनं फवारा, मुखवटा, दिवाळी, रिद्धी, सगळं एका दमात ओकून टाकलं. मॅडमचा हात बोलणं संपायच्या आधीच फोनकडं गेला होता.

"विश्वंभरच्या मुलींच्या सगळ्या पिशव्या बाजूला काढा. हो, सगळ्या. जिथं पाठवल्या तिथं फोन करा, चढवू नका म्हणावं." मग त्यांनी संगणकाकडं पाहिलं आणि उठल्या. "तुझी पिशवी वरच आहे. मुलांच्या वॉर्डात. चल."

जिना चढताना धनश्रीला उगाच वाटत राहिलं की कोणीतरी अनोळखी माणूस असावा, म्हातारा, खूप आजारी, कसाही जाणारच असलेला. असा विचार मनात आला याची तिला नंतर कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

खिडकीजवळच्या खाटेवर एक किडकिडीत पोरगा उशीला टेकून बसला होता. हाताला नळी, वर लाल पिशवी, अर्धी रिकामी. शेजारी स्टुलावर सुमन कासदेकर त्याला संत्र्याच्या फोडी सोलून देत होती.

"तू?" सुमन म्हणाली. मग हसली. "मोत्या, पाह्य कोण आलं. हेच ते विश्वंभरवाले, ज्यायले यंदा आपुन धूळ चारनार हाओत."

मॅडमनी नळीवरची चकती फिरवली. थेंब थांबले. मोतीरामनं वर पिशवीकडं पाहिलं आणि मग बहिणीकडं.

"काय झालं, मॅडम? संपली नाई अजून."

"सुमन, बाहेर ये जरा."

"इथंच सांगा ना."

मॅडम धनश्रीकडं वळल्या. त्यांनी सांगितलं असतं, पण धनश्रीच्या तोंडून ते आधीच बाहेर पडलं. या वेळी एका दमात नाही जमलं. शब्द तुटून तुटून येत होते. सुमनच्या हातातली फोड तशीच राहिली.

"तुले माहीत होतं?" तिनं शेवटी विचारलं.

"फवाऱ्याचं माहीत होतं. रक्तात उतरत असंल हे नव्हतं."

"विचारलं होतं कोनाले? रक्त द्याच्या आधी?"

"नाई."

"काऊन नाई विचारलं?"

धनश्रीकडं उत्तर होतं, पण ते म्हणण्यासारखं नव्हतं. तुम्ही पुढं गेला होता म्हणून.

"धनश्रीच्या रक्तातल्या पेशी मुळात चांगल्या आहेत, फक्त जास्त झाल्या," काझी मॅडम हळू आवाजात सुमनला सांगू लागल्या, कारण तिला सगळं खरं कळायला हवं होतं. "तो कारखाना मोतीरामच्या शरीरात उघडला, तर तो वाकड्या पेशीच वाढवेल. खूप वाढवेल. तसं होऊ द्यायचं नाहीये आपल्याला. याचं रक्त काढत जायचं आणि त्या जागी स्वच्छ रक्त भरत जायचं, आजपासूनच. त्याच्या गटाचं खूप रक्त लागेल, तेही तुमच्याच कॉलेजातल्या, शिबिरात न दिलेल्या मुलींचं."

सुमननं फोन काढला. बोलताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. कोण कुठल्या गटाची हे तिला तोंडपाठ होतं. फोन खाली ठेवल्यावर मात्र ती मोतीरामच्या पायांपाशी बसली, त्याची पावलं दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तशीच बसून राहिली. पोरगा म्हणाला, "ताई, दुखून राह्यलं ना." तरी तिला ते ऐकू गेलं नाही.

*

पुढचे दिवस धनश्री घाबरलेलीच होती. सकाळी डोळे उघडण्याआधी भीती जागी झालेली असे. सामना रद्द झाला. संघावर बंदी आली. निंभोरकर सरांना पोलीस घेऊन गेले, तेव्हा ज्या मुलींनी आजवर धनश्रीचा शब्द खाली पडू दिला नव्हता, त्यांतल्या निम्म्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तरी एक दिवसाआड सगळ्यांना रक्तपेढीत यावं लागे. सगळ्या ओळीनं आडव्या होत, प्रत्येकीचं थोडं रक्त काढलं जाई, आणि त्या पिशव्या जाळायला पाठवल्या जात. रिद्धीचा हात अजून उचलत नव्हता, पण तिला 'पाणी' म्हणता येऊ लागलं होतं, आणि 'माय'.

पुण्याच्या प्रयोगशाळेनं मुलींचं रक्त तपासून जे कळवलं, ते काझी मॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं. चोरटी नक्कल करणाऱ्यानं विषाणू नीट रिकामा केलाच नव्हता. बहुतेक रिकामे होते, पण काहींच्यात स्वतःची पिलावळ वाढवायची ताकद शिल्लक होती. ते मुलींच्या अंगात वाढत होते, तो कारखाना बरोबर घेऊन.

"रक्तातून दुसऱ्याला जातो, हे नक्की," मॅडम म्हणाल्या.

"आन् श्वासातून?" कोणीतरी विचारलं.

"तसं अजून दिसलेलं नाही." मॅडमनी 'अजून' हा शब्द शक्य तितक्या हलक्यानं उच्चारला.

मोतीरामचं रक्त मात्र पुन्हा पुन्हा तपासूनही स्वच्छ निघालं. गिरिजाच्या मुली पूल ओलांडून येत राहिल्या, त्याच्या अंगात जुनं रक्त जवळजवळ उरलंच नाही, आणि नव्या पेशींचा आकडा वाढला नाही. नळी वेळेत बंद झाली होती. त्याला घरी सोडलं त्या दिवशी धनश्री फाटकाशी उभी होती. पुढं जायची तिची हिंमत झाली नाही. सुमनच तिच्याजवळ आली.

"म्या तुले माफ नाई केलं," ती म्हणाली. "करनार बी नाई बहुतेक. पन तू पळत आली होती, हे मॅडमनं सांगतलं मले. आता आयक. याच्याबद्दल काही बी नवं समजलं, लहानसं का असेना, तर मले तू फोन करायचा. मॅडमवर सोडू नोको. कोनाची वाट पाहू नोको. तू करायचा."

"करीन," धनश्री म्हणाली.

मोतीराम रिक्षातून हात हलवत गेला. कित्येक दिवसांनी धनश्रीला भूक लागली.

ती घरी पोचली तेव्हा आई अंगणात होती. धनश्रीची आई, सुलोचना, हिवाळ्याच्या शेवटी मृगबहाराची फळं निघाली की संत्र्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जायची. तिथं आसपासच्या गावांतल्या बायका दिवसभर खांद्याला खांदा लावून फळं निवडत, गप्पा मारत, गाणी म्हणत. आज तिनं येताना डागी संत्र्यांचं एक अख्खं क्रेट आणलं होतं, आणि ते डोक्यावरून उतरवून ती चुलीकडं वळली होती. मध्ये बसली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"स्टँडपासून चालत आली, माय? एवढं घेऊन?"

"मंग? रिक्षा कायले?" आई हसली. "अवं, यंदा मले काय झालं कोन जाने, दमच लागत नाई. मांगच्या साली दोन क्रेटं उचलली का छाती भरून यायची. आता उचलतच राह्यते. बायकाई तेच म्हनतात. साऱ्या जनी. मुकादम तर म्हने, तुम्ही काय खाऊन येता वं?"

धनश्री जागच्या जागी उभी राहिली.

"साऱ्या जनी?"

"हो ना. त्या वडनेरच्या बाया, त्या भुगावच्या. लय मस्त हंगाम चालू हाय. जराक डोकं जड वाटते सकाळी, इथं, कपाळात. उनाचं असंल." आईनं स्वतःच्या कपाळाला हात लावून तो खाली घेतला. उन्हात तो तळवा धनश्रीला स्पष्ट दिसला. आयुष्यभर पिवळट पडलेले तिच्या आईचे तळवे डाळिंबाच्या दाण्यासारखे लालबुंद झाले होते.

धनश्रीनं फोन काढला. आधी काझी मॅडमचा नंबर लावला. सुमनचा त्यानंतर लावायचा होता.

"कोनाले लावून राह्यली?" आईनं विचारलं. "काय झालं वं? अशी पांढरीफटक काऊन पडली?" आणि ती काळजीनं तिच्याकडं यायला लागली, दोन्ही हात पुढं करून.

"बोल, धनश्री," पलीकडून आवाज आला.

धनश्रीनं ओढणी तोंडावर ओढून घट्ट धरली आणि आईपासून एकेक पाऊल मागं सरकत बोलायला सुरुवात केली.